वसुधाची बुरशी आणि माझं अर्थिंग

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे आमच्या घरातलं विजेवर चालणारं कुठलंही यंत्र दुरुस्त व्हायला इतर घरांपेक्षा जास्त वेळ लागतो. इतर लोक मिस्त्रीला बोलावतात. आमच्याकडे मी असतो!

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला होतो, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत. मी, बायको वसुधा आणि मुलगी मुग्धा (हिला मराठीत काहीही विचारा, उत्तर हिंदीतच यायचं). वसुधाची पीएच.डी. चालली होती आणि विषय होता आंब्याच्या मोहरावर पडणारी बुरशी. लग्नाआधी सुरू केलेलं हे काम माझ्या बदल्यांपायी रखडत रखडत लखनौपर्यंत आलं होतं. मलिहाबादच्या बागांमधून उन्हातान्हात हिंडून, बसमधून बरण्या मांडीवर सांभाळत आणून बिचारीने ते पुन्हा उभं केलं. आता विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती. जूनअखेर प्रबंध टाइप होऊन दाखल झाला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती.

विद्यापीठाजवळच्या टायपिस्टने बुरशीच्या लॅटिन नावांचे असे काही हाल केले की वसुधा रडकुंडीला आली. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात कॉम्प्युटर विकत घेतला. नाका हिंडोला नावाच्या बाजारातल्या एका दुकानात उभं राहून मी दुकानदाराला वीजबचतीवर एक छोटंसं व्याख्यान दिलं (छोटंसं हे माझं मत, दुकानदाराने मध्ये चहा मागवला होता). शेवटी फर्मावलं, "देखिए, बिजली बचाने वाली जितनी चीज़ें हैं, सब चालू कर दीजिए!" त्याने मान डोलावली, खटाखटा काहीतरी केलं आणि खोका रिक्षात ठेवून दिला.

स्वयंपाकाचं बघायला सांगलीहून सासूबाई आल्या. त्यांना आम्ही माई म्हणतो. वसुधा सकाळपासून टाइप करायला बसे. मी ऑफिसातून आलो की तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून मार्गदर्शन करायला बसे. (मला कुणी सांगितलं नव्हतं.)

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी तिला समासाचं महत्त्व समजावत होतो. समासावरून छपाई, छपाईवरून कागद, कागदावरून रेल्वेची वेळापत्रकं, असं ओघात चाललं होतं. एवढ्यात मॉनिटर काळा! एकदम ठार काळा! आणि त्याच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा पिवळा झाला.

आता बाकी कुणी असतं तर त्याने दोन-चार बटणं दाबून बघितली असती. पण मी रेल्वेचा माणूस. पिवळा दिवा म्हणजे सावध व्हा, पुढे धोका आहे, हे माझ्या हाडात मुरलेलं!

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. "कुणीही कशालाही हात लावायचा नाही!"

"अहो, पण मी नुसतं—"

"वसुधा, मागे सर!"

मी धावत व्हरांड्यात गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. थोड्या वेळाने वर केला. मॉनिटर अगदी शहाण्यासारखा उजळला.

"बघ! इंजिनिअर घरात असल्याचा फायदा."

"माझी चार पानं गेली," वसुधा म्हणाली.

"सेव्ह नव्हती केलीस?"

"तुम्ही बोलत होतात. मी ऐकत होते."

त्यानंतर हे वरचेवर व्हायला लागलं. गंमत म्हणजे दिवसभर वसुधा एकटी टाइप करत असताना मॉनिटर एकदाही काळा पडायचा नाही. संध्याकाळी मी येऊन बसलो की पडायचा! यावरून मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला की संध्याकाळी व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर आणला, तो रात्रंदिवस कटकट करायला लागला, पण मॉनिटर ऐकेना. मग मी वसुधाला हुकूम सोडला, "व्होल्टेज असं नाचत असताना सेव्ह करत जाऊ नकोस. डिस्क जळेल. प्रकरण पूर्ण झालं की शेवटी एकदाच करायचं."

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. मला आपलं आतून वाटलं!

मग मी अर्थिंगला हात घातला. क्वार्टरच्या मागे, माईंनी हौसेने कोथिंबीर पेरली होती नेमक्या त्याच वाफ्यात, कमरेइतका खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घातलं. अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते म्हणून मुग्धाला रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं.

"जावईबापू, मिठाची बरणी दिसत नाही," माई म्हणाल्या.

"खड्ड्यात घातलं, माई."

त्या दिवशी आमटी अळणी होती.

तरीही मॉनिटर काळाच! आता संशय शेजारच्या श्रीवास्तवजींवर गेला. तेही इंजिनिअर, पण पुलांचे, म्हणजे विजेच्या बाबतीत निरक्षर (हे माझं तेव्हाचं मत). त्यांच्याकडे पाण्याचा पंप होता. मी सरळ त्यांच्या दारात गेलो आणि त्यांचा पंप माझ्या बायकोचं आयुष्य कसं उद्ध्वस्त करतो आहे ते सविस्तर सांगितलं. भला माणूस! शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाभीजी की थीसिस का सवाल है, भाईसाहब। पंप आज से बंद।" आणि ऐन जूनमध्ये, बाहेर लूच्या गरम झळा वाहत असताना, ते गृहस्थ कोपऱ्यावरच्या हातपंपावर पंचा गुंडाळून अंघोळ करायला लागले. ऑफिसला जाताना मी त्यांना रोज हात करायचो.

मॉनिटर अर्थातच काळा पडत राहिला. मग मी घरात रीतसर चौकशी बसवली. रेल्वेत अपघात झाला की ज्यांनी ज्यांनी काही पाहिलं त्या सगळ्यांचे जबाब घेतात, तसं.

"मुग्धा, काय पाहिलंस ते नीट सांग."

"बाबा, जब आप बोलते हो ना, तभी होता है।"

"चेष्टा नको. ही तांत्रिक बाब आहे."

"मैं भी टेक्निकल ही बोल रही हूँ, यार!"

"बापाला यार म्हणतेस?" आणि चौकशी भलत्याच दिशेला गेली.

मुदत संपायला जेमतेम काही दिवस उरले असताना एका रविवारी मी खड्ड्यात आणखी मीठ ओतलं आणि समस्या सुटल्याचं जाहीर केलं. प्रात्यक्षिकासाठी श्रीवास्तवजींना चहाला बोलावलं. वसुधा शेवटचं प्रकरण टाइप करत होती. सकाळपासूनची पानंच्या पानं पडद्यावर होती, आणि माझ्या आज्ञेनुसार एकही सेव्ह केलेलं नव्हतं! तिला मी हात थांबवायला लावले, कारण पाहुण्यांचं लक्ष माझ्याकडे असायला हवं होतं. मी अर्थिंग म्हणजे काय इथून सुरुवात केली. श्रीवास्तवजी माना डोलावत होते. मी पाणी, माती, मीठ करत करत अगदी रंगात आलो आणि—

काळा! पिवळा दिवा!

"कुणी हात लावू नका!" मी व्हरांड्याकडे झेपावलो. माझा धक्का लागून कप कलंडला, चहा टेबलावर सांडला. कीबोर्डकडे ओघळ निघालेला पाहून माईंनी पदर खोचला, फडकं घेतलं आणि टेबलासकट कीबोर्ड खसाखसा पुसला.

"आलं!" वसुधा ओरडली. "अहो, आलं, आलं! थांबा!"

"आ गया, भाईसाहब! रुकिए!"

"बाबा, नहीं!"

हे तिन्ही आवाज मला स्वच्छ ऐकू आले. पण तोवर मेन स्विच खाली ओढून झाला होता.

पंखाही थांबला. मी आत आलो तेव्हा वसुधा काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"परवा वसू जेवायला उठली होती, तेव्हाही काळं झालं होतं," माई हळूच म्हणाल्या. "मी पुसलं, लगेच उजळलं. मला वाटलं, धूळ बसली की अंधारत असेल."

"अहो माई, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलत होता ना! जावयाच्या बोलण्यात मध्ये कसं बोलायचं? मी तुमचं संपायची वाट बघत होते." फडकं पिळत त्या पुढे म्हणाल्या, "ते काही संपलं नाही."

वसुधाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दुकानात तुम्हीच सांगितलंत ना त्याला, वीज वाचवणारं सगळं चालू कर म्हणून? म्हणजे दहाएक मिनिटं कुणी बटण दाबलं नाही की हा आपोआप झोपतो. आणि टाइप करायला बसले की दहा मिनिटं माझे हात कधी थांबतात? तुम्ही बोलत असता तेव्हाच!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. (खड्डा खणलेला होताच, पण तो कमरेइतकाच होता.) मी श्रीवास्तवजींकडे वळलो आणि त्यांच्या पंपाबद्दल, हातपंपाबद्दल, पंच्याबद्दल माफी मागायला लागलो. ते घाईघाईने उठले. "अरे, कोई बात नहीं, भाईसाहब, बस, अब कुछ मत कहिए।" लखनौची माणसं कधी कुणाला लागेल असं बोलत नाहीत. पण त्यातलं 'अब कुछ मत कहिए' त्यांनी जरा मनापासून म्हटलं, असं मला अजूनही वाटतं.

प्रबंध मुदतीत दाखल झाला, हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला माफ करणार नाही. मी रजा टाकली. वसुधाच्या हाताने लिहिलेल्या कच्च्या पानांमध्ये इतकी खाडाखोड होती की कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय पटापट टाइप होणं शक्य नव्हतं. तिने पानांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी वाचायला बसलो. मान खाली, आवाज मऊ, शब्द तिचे. पान संपलं की ती मला दाखवून, माझ्या डोळ्यांत बघत सेव्ह करायची. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड बोलत होतो आणि मॉनिटर एकदाही काळा पडला नाही. ती बुरशी मला पहिल्यांदाच नीट कळत होती, आणि इतकी वर्षं आपण हे कधी ऐकूनच घेतलं नाही याची फार लाज वाटत होती.

शेवटच्या पानावर मात्र मला राहवलं नाही. "वसुधा, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. म्हणजे बघ, मुळात बुरशी म्हणजे—"

तिने कीबोर्डवरून हात उचलले, मांडीवर ठेवले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बोला," ती म्हणाली. "पडदा काळा होईपर्यंत ऐकते."