नऊ नंबरच्या नांग्या

वहीला हात लावण्याआधी तुलाराममामा हात तीनदा पुसायचे. आधी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवताला, मग धोतराच्या सोग्याला आणि शेवटी खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या कोरड्या टोकाला. त्यानंतरच पेन्सिल जिभेला लावून ते आकडा लिहायचे. बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला चिखल त्यांच्या नखांत कायम असायचा, पण अकरा वर्षांत वहीच्या एकाही पानावर त्याचा डाग पडला नाही.

सानगडीबाहेर तलावाच्या पाटाखाली धानाचा एक छोटा फार्म होता. मामा तिथे रोजंदारीवर होते. शिक्षण चौथीपर्यंत. फार्मावर छत्तीस लहान बांध्या होत्या आणि बारा जातींचं धान होतं. प्रत्येक जात तीन बांध्यांत लावायची आणि जातीला नावाऐवजी नंबर. कोणत्या बांधीत किती रोपं जगली, किती मेली, ते मोजून लिहायचं हे मामांचं काम. नागपूरहून आलेले डॉ. मधुकरराव देशकर फार्माचे साहेब होते. मामांहून वयाने लहान, पण ते मामांना 'तुलारामजी' म्हणायचे. मामांना त्याचा संकोच वाटायचा.

शहात्तर सालच्या खरिपात साहेबांना करपा रोगापुढे कोणती जात टिकते ते पाहायचं होतं. रोवणी, म्हणजे रोपांची लावणी झाली आणि साहेब दहा दिवसांसाठी नागपूरला बैठकीला गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी नऊ नंबरच्या तिन्ही बांध्यांत रोपं करप्याने पिवळी पडून बसू, म्हणजे मरू लागली. मामा धुऱ्यावर उभे राहून त्या रिकाम्या जागांकडे पाहत राहिले. धान लावणाऱ्या माणसाला बांधीतली रिकामी जागा बघवत नाही. रोवणीनंतर उरलेले पऱ्हे, म्हणजे लावणीची कोवळी रोपं घ्यायची आणि मेलेल्या रोपाच्या जागी नवं रोप टोचायचं. याला नांग्या भरणं म्हणतात. ते कोणी कोणाला शिकवत नाही, पोरं आईच्या पाठीमागून फिरताना शिकतात. नऊ नंबरच्या पऱ्ह्यांची एक पेंडी पाटाच्या कडेला उरली होती. मामांनी एकतीस नांग्या भरल्या. बाकीच्या जातींचे पऱ्हे उरले असते तर त्यांनी त्याही भरल्या असत्या. वहीत तारीख, बांधी, जगलेली रोपं आणि मेलेली रोपं एवढेच रकाने होते. नांग्या भरल्याचं लिहायला रकाना नव्हता, म्हणून ते लिहिलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात साहेब एक जाड इंग्रजी अंक घेऊन आले. त्यात त्यांचा लेख छापून आला होता. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात मामांचं नाव होतं. साहेबांनी त्याखाली बोट ठेवून दाखवलं. खुशाल नावाचा फार्मावरचा गडी लगेच म्हणाला, "काय तुलारामभाऊ, कागदात नाव छापलं म्हणे! आता उद्या इथं येता का सिधे दिल्लीले जाता?"

सगळे हसले. मामाही हसले. मग साहेबांनी लेखातल्या चार ओळी मराठीत सांगितल्या. "नऊ नंबरच्या तिन्ही बांध्यांत रोगाने मेलेलं एकही रोप शेवटच्या मोजणीत आढळलं नाही. तुलारामजी, याच एका वाक्यावर सगळा लेख उभा आहे. जेठात हे बियाणं गावात वाटायचं."

मामांना त्या एकतीस नांग्या आठवल्या. "हो जी," ते म्हणाले.

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. मामी, म्हणजे सत्यभामाबाई, सांगायच्या की साहेबांच्या मोटरसायकलचा आवाज आला की मामा तोंडातला घास तसाच ठेवून उठायचे. पोस्टमन वळणावर दिसला की गोठ्यात जायचे. फार्माच्या खोलीचं छप्पर गळतं असं सांगून त्यांनी ती वही घरी आणली. आणली खरी, पण ती घरात असल्यामुळे त्यांना घरात बसवेना. बसल्या जागी ते दुपट्ट्याने हात पुसत राहायचे, आणि हात कोरडेच असायचे.

चैत्रात पत्र आलं. दुसऱ्या एका राज्यात नऊ नंबर लावून पाहिला होता आणि तो करप्याने बसला होता. त्या अंकाच्या संपादकांनी मूळ नोंदवही मागवली होती, महिन्याच्या आत.

साहेबांनी मामांना बोलावलं. ते हसतमुख होते. "लोकांचा विश्वास नाही बसत, तुलारामजी. वही पाठवून देऊ. तुमच्या हातची नोंद म्हणजे मला काळजी नाही."

"सापडून नाही राहिली जी," मामा म्हणाले.

साहेबांचं हसू जरा कमी झालं. "शोधा. वही नसेल तर मी आकडे मनाने लिहिले असं म्हणतील. माझं नाव जाईल."

आठ दिवस मामा शोधत असल्याचं नाटक करत राहिले. नवव्या दिवशी मामी तांदूळ काढायला ढोलीजवळ गेल्या. बांबूच्या त्या उंच कणगीत त्यांचा हात कोपरापर्यंत गेला आणि पुठ्ठ्याला लागला.

"हे काय जी? ढोलीत वही पेरली का? पिकते का इथं?"

"हळू बोल."

"काहून? चोरी केली का?"

मामा उंबऱ्याजवळ बसले आणि पहिल्यांदा सगळं बोलले. मामींना त्यात काही समजेना. "मेल्या जागी रोप लावलं, तेही त्याच नंबराचं. त्यात काय बिघडलं? माह्या बापानं जनमभर नांग्या भरल्या."

"अवो, थे मेलेले रोपच मोजाचे होते. मी त्यायले झाकून टाकलं."

मामी थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. "मंग सांगा न सायबाले."

"सांगतलं तं फार्म सुटते. सायबाचं नाव जाते. आन् मले कुठं नेऊन बसवतीन, थे मले माहीत नाही."

"आन् नाही सांगतलं तं? जेठात तुमच्या भाटव्याच्या बांधीत हेच बियाणं पडन."

त्यांचे भाटवे म्हणजे माझे वडील, कृष्णराव. नऊ नंबरसाठी त्यांनी सगळ्यांत आधी नाव दिलं होतं, मेहुण्याच्या फार्मातलं बियाणं म्हणून. आमच्याकडे एकच बांधी होती.

मामा उठले, हात तीनदा पुसले. शहात्तर सालचं पान काढलं आणि समासाच्या कोऱ्या जागेत लिहिलं: "या आठवड्यात नऊ नंबरच्या तीन बांध्यांत एकतीस नांग्या मी भरल्या. तेव्हा लिहिलं नाही. आज लिहिलं." खाली त्या दिवसाची तारीख आणि सही. मामी म्हणायच्या, सही करताना त्यांच्या पेन्सिलचं टोक मोडलं.

दुपारी ते फार्माच्या खोलीत उभे होते. साहेबांनी ते पान वाचलं, परत वाचलं. मग टेबलाचा खण उघडून ब्लेड काढलं. मामा सांगायचे की तेव्हा त्यांना पाटाच्या पाण्याचा आवाजसुद्धा ऐकू येईना. साहेबांनी ब्लेड पानाच्या शिवणीजवळ ठेवलं. एवढं एक पान गेलं असतं तर दोघंही सुटले असते.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं आहे?"

"घरी. दुसऱ्या कोणाले नाही जी."

"मग कशाला लिहिलंत?" साहेबांचा आवाज चढला. "मी विचारलं होतं का तुम्हाला?"

मामांची मान खालीच होती. बऱ्याच वेळाने ब्लेडचा आवाज आला म्हणून त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब पेन्सिल तासत होते. टेबलावर भुश्याचा छोटा ढीग झाला तरी ते तासतच होते. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि संपादकांना पत्र लिहायला घेतलं. ते काय लिहिताहेत हे मामांना कळत नव्हतं. ते पान तसंच ठेवून, वही कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून साहेब पोस्टात जायला निघाले, तेव्हा मामांना थोडंसं कळलं.

अंकात चार ओळी छापून आल्या. लेख मागे घेतला होता. साहेबांची बदली दूर कोकणाकडे झाली. जाताना ते आमच्या गल्लीतून गेले, पण थांबले नाहीत. फार्माने मामांना काढलं नाही. वही लिहायचं काम मात्र खुशालकडे दिलं आणि मामांना पाखरं हाकायला ठेवलं. नऊ नंबर गावात वाटला गेला नाही. आमच्या बांधीत नेहमीचंच धान उभं राहिलं. वडिलांनी या गोष्टीबद्दल मामांना कधी काही विचारलं नाही.

भीती मात्र गेली नाही. पुढची सात वर्षं रस्त्यावर मोटरसायकल वाजली की मामा उठून उभे राहायचे. कशाची भीती, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते नुसतेच हात पुसत राहिले.

शहाऐंशीच्या श्रावणात त्यांना धाप लागायची. त्या दिवशी ते स्वतःच्या बांधीच्या धुऱ्यावर घोंगडी पांघरून बसले होते. मामी पाण्यात वाकून नांग्या भरत होत्या. दुपारी मामा तिथेच बसल्या जागी कलंडले आणि गेले. त्याआधी ते मामींना एवढंच म्हणाले होते, "किती लावले थे मले सांगजो."