दोन पायली तरवा

सहा वर्षांपूर्वीची १८ ऑगस्ट, सकाळी सव्वासहा. माझ्या खिशात अकराशे चाळीस युरो, सुनंदाच्या पर्समध्ये वाटखर्चाचे साडेसहा हजार रुपये, आणि चार बॅगा मिळून एक्क्याण्णव किलो. भोंगवलीच्या पुढे हायवेच्या फाट्यावर सोडायला आबा, आई आणि धाकटा भाऊ विलास हजर होते. निघणारे आम्हीही तिघेच: मी, बायको सुनंदा आणि चौदा वर्षांची सायली.

आबा म्हणाले, "हिशेबानं ऱ्हावा." मी कधी बेहिशेबी राहिलेलो नाही, तरी ते दर वेळी हेच म्हणतात. आईने सायलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तितं गेल्याव गप बसू नगं, बाय."

गाडी सुरू झाल्यावर मी सायलीला वेगळं सांगितलं. परका मुलूख आहे, शाळेत विचारतील तेवढंच बोलायचं आणि पुस्तकात आहे तेवढंच बोलायचं. तिने माझं ऐकलं. पुढे जे अडलं ते त्यामुळेच. गावाकडचे विचारतात, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तर जास्तच विचारतात, की पोरीने इटालियन एवढं कसं केलं. म्हणून चुकीसकट लिहितो.

शिरवळच्या कारखान्यात मी पॅकिंगची मशिनं जुळवायचो. मशिनं इटलीहून यायची. पुढे तिथल्याच कंपनीने मला बोलावलं आणि दीड वर्षाने मी घरच्यांना न्यायला आलो. आमचं शहर बोलोन्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे. चारही बाजूंना सपाट. आमचं जुनं घर गुंजवण्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी होतं. ऊन गडावरून किती खाली आलं ते बघून आई वेळ सांगायची. ते घर धरणात गेलं आणि आम्ही भोंगवलीजवळ आलो. इटलीतल्या या शहरात हिवाळ्यात धुकं पडलं की समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. पहिल्या वर्षी सुनंदा खिडकीत उभी राहून विचारायची, "अहो, नक्की सकाळच झालीय ना?"

भाषेसाठी मी पद्धत ठरवली. रोज बारा शब्द, रविवारी उजळणी. वही मी घातली, तारखेसकट. दोन वर्षांत सायलीचे साडेसात हजार शब्द झाले. मधल्या शाळेचं एक वर्ष संपवून ती लिचेओत गेली, म्हणजे कॉलेजआधीची पाच वर्षांची वरची शाळा. तिथे नुसती भाषा नसते. सातशे वर्षांपूर्वीची कविता, चित्रं, डोंगरातली गावं ओस का पडली, सगळं इटालियनच्या तासाला येतं. आणि सगळं तोंडी विचारतात. वर्गासमोर उभं करतात, दहापैकी गुण देतात, सहाला पास.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत सायलीला तोंडीत चार पडले. सोबत एक फॉर्म आला. मुलीला लिचेओ जड जात आहे, व्यवसाय शाळेत घालावं, मार्चअखेर पालकांनी सही करावी.

मी शाळेत गेलो. इटालियनच्या बाई पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं सावकाश. मी म्हटलं, "तिने सांगितलेलं मी पुस्तकाशी ताडून पाहिलंय. चाळीस पानं. एका शब्दाची चूक नाही."

"म्हणूनच चार," बाई म्हणाल्या. "पुस्तक मी वाचलंय. हिला काय वाटतं ते मला ऐकायचंय. विचारलं की ही खाली बघते."

मोठ्यांसमोर खाली बघायचं हे आम्हीच शिकवलं होतं. बाईंनी एक संधी दिली. घर सोडण्याची एक गोष्ट, घरातल्या माणसांना विचारून, वर्गात सांगायची. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या सायलीला तासभर बसवून घेणार होत्या. फी विचारली तर त्यांनी हात हलवला.

खरं सांगतो, घरी येऊन मी सही करायला पेन काढलं होतं. व्यवसाय शाळा म्हणजे तीन वर्षांत प्रमाणपत्र आणि हातात पगार. आकडा बरोबर येत होता. सायली टेबलाच्या पलीकडे उभी होती.

"पप्पा, सही करू नका. मला शिकायचंय."

"चार पडलेत तुला."

"तुम्ही मला शब्द मोजून दिले. बोलायचं काय ते दिलंच नाहीत."

मी पेन ठेवलं आणि तिला गोष्ट लिहून दिली. गेलेली जमीन दोन एकर अकरा गुंठे. घर चार खणांचं. वासे एकतीस, कौलं अठराशे पन्नास, टेम्पोच्या खेपा तीन. घर उतरवलं तेव्हा रविवारची सुट्टी काढून मी स्वतः यादी केली होती, ती मला अजून तोंडपाठ आहे. सायलीने कागद वाचला आणि परत दिला. सुनंदा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, घर सांगा म्हटलं तर तुम्ही सातबारा सांगताय."

मग रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती, आई-आबा ओट्यावर बसले होते. सायलीने विचारलं, "आजी, जुन्या घरातलं काय राहिलं मागे?"

"कायबी न्हाई ऱ्हायलं," आबा म्हणाले. "समदं टेम्पोत घातलं. तुज्या बापाला इचार, त्यानं लिवलंय."

"तरवा ऱ्हायला," आई मागून म्हणाली.

तरवा म्हणजे भाताची रोपं. मेअखेर रोहिणी नक्षत्र लागलं की बी पेरायचं, रोपं वर आली की चिखलात लावायची. त्या वर्षी पावसाळ्यात पाणी अडवणार हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"कंच्या तरव्याचं बोलतीस?" आबा.

"तुमास्नी कुठं सांगितलं व्हतं? रोहिणी लागली. वरच्या तुकड्यात दोन पायली बी टाकलं म्या."

आबा कॅमेऱ्याकडे बघायचे सोडून आईकडे वळले. "पाणी येनार म्हाईत असून?"

"व्हय. वीतभर झाला व्हता. लई हिरवा. मग आलं पाणी."

"आजी, रडलीस का गं?"

"रडाय येळ कुठं व्हता? टेम्पोवाला हॉर्न वाजवीत व्हता. आन् तुजा आजा त्याच्याशी वीस रुपयांवरनं भांडत व्हता."

"तीस," आबा म्हणाले.

सगळे हसले. मी यादी आठवत होतो. कौलं मोजली होती, फुटलेलीसुद्धा वेगळी लिहिली होती. दोन पायली बी कुठेच नव्हतं. ती पेरणी झाली तेव्हा मी शिरवळला पाळीवर होतो, आणि नंतरच्या वीस वर्षांत आईला कधी विचारलं नाही.

वर्गात काय झालं ते सायलीने संध्याकाळी सांगितलं. आधी ती खालीच बघत होती. मग टेम्पोच्या हॉर्नपासून सुरू केलं आणि मुलं हसली, तेव्हा तिने वर पाहिलं. मग ती तरव्यापर्यंत आली. बाईंनी विचारलं, पाणी येणार हे माहीत असताना आजीने पेरलं का?

"मी म्हटलं, माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. पण मी असते तर मीही पेरलं असतं."

"पुस्तकात नव्हतं ना हे?" मी विचारलं.

"नव्हतं, पप्पा."

सात पडले. फॉर्म अजून माझ्या फाइलमध्ये आहे, सहीविना. रोज बारा शब्दांची वही मी त्याच आठवड्यात बंद केली. त्यानंतर सायली मला शिकवू लागली. मी कारखान्यात इटालियनमध्ये काम करायचो, आता विनोदही करतो. सुनंदाच्या मते ते वाईट असतात.

या जूनमध्ये सायलीची शेवटची परीक्षा झाली. शंभरात ब्याऐंशी. परीक्षेची सरकारी फी बारा युरो नऊ सेंट, ती मी आधीच भरली होती. बाईंच्या गुरुवारांची बेरीज सव्वीस तास झाली. पाकीट दिलं, त्यांनी घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये भोंगवलीला आलो. पूर्वी घर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती यादी यायची. आता त्या वरच्या तुकड्यातला वीतभर तरवा येतो, मी कधीच न पाहिलेला. म्हणून आल्यावर पहिलं काम ते केलं. दोन पायल्यांचे आठ किलो धरले, किलोला चाळीस, आणि तीनशे वीस रुपये आईपुढे ठेवले.

"ह्ये कसलं?"

"बियाण्याचे. यादीत राहिले होते."

"घरचं बी व्हतं. त्याचं कसलं पैसं घिऊ?" तिने नोटा मोजल्याही नाहीत, माझ्या हातात परत कोंबल्या. "पोरीला दे. ती बोलली."

तीनशे वीस रुपये सायलीला दिले.