मोठ्या बाईंची रजा

माझ्या नणंदेला शाळेत सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. मी ‘वन्सं’ म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या आणि माझ्या प्रत्येक कामात चूक काढायच्या. तेव्हा मी हा जुना शब्द मुद्दाम, टोमणा म्हणून काढला. पुढे टोमणा झिजला, शब्द राहिला.

वन्सं प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात पहिली आणि दुसरी एका खोलीत बसवून त्या दिवसभर शिकवतात आणि मुख्याध्यापकी करतात ती मुलं पाढे लिहीत असताना, मधल्या सुट्टीत, नाहीतर रात्री आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. शाळेला शिपाई नाही, लिपिक नाही. कुलूप त्यांनी उघडायचं, पाण्याची मोटर त्यांनी लावायची, दुपारचं जेवण मुलांच्या आधी त्यांनी चाखायचं, संडास तुंबला तर काठी त्यांनीच शोधायची. या सगळ्याचा म्हणून पगारात जो भत्ता मिळतो तो बसच्या पासात जातो. चौथीच्या बाई नोकरीत वन्संच्या बरोबरीच्या. त्यांनाही बढती चालून आली होती. त्यांनी ती सरळ लेखी नाकारली. “पगार जवळजवळ तेवढाच आणि वर शिव्या. मी काय वेडी आहे?” वन्संनी घेतली. त्या वेड्या होत्या.

त्यांच्या वरचे साहेब म्हणजे पर्यवेक्षक. त्यांच्या हाताशी एक लिपिक, एक शिपाई आणि गाडीला ड्रायव्हर. शिक्षकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘होऊन-जाईल’. शिपाई मागा, लिपिक मागा, पहिलीला वेगळी शिक्षिका मागा, उत्तर एकच. “अहो मोठ्या बाई, तुमची शाळा बघा कशी लख्ख आहे! तुम्हाला कशाला हवाय माणूस? होऊन जाईल हो!”

खरी गोम इथेच होती. शाळा लख्ख असायची कारण तपासणीच्या आदल्या संध्याकाळी वन्सं स्वतः फरशी घासायच्या. इभ्रतीचा प्रश्न ना! तपासणीला आलेल्यांना काही कमी दिसायचं नाही, म्हणून काही मिळायचं नाही. मी एकदा म्हटलं, “वन्सं, एक दिवस पडू द्या ना घाण तशीच.” तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना संडासाच्या दारात बसून जेवायला सांगितलं.

साहेबांचं स्वतःचं अर्धं कामही याच टेबलावर व्हायचं. त्यांचे अहवाल, त्यांच्या दौऱ्याचं वेळापत्रक. “तुमच्या हातचं म्हणजे बघायलाच नको,” असं म्हणत ते खाली सही ठोकायचे. खरंच बघायचे नाहीत.

मग सासूबाई गेल्या तो दिवस आला.

त्या दवाखान्यात होत्या. सकाळीच डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. वन्सं रात्रभर तिथेच होत्या. त्यांनी माझ्यासमोर साहेबांना फोन लावला. त्यांच्या मोबाईलचा आवाज इतका मोठा की शेजारच्या खाटेलाही ऐकू जावा.

“साहेब, आई जातेय. मला आज रजा हवी.”

“अरेरे. पण मग शाळा कोण उघडणार? आज लसीकरणवाले येतायत. तुम्ही जरा जाऊन उघडून या, तासाभराचा तर प्रश्न. होऊन जाईल.”

वन्सं गेल्या. लसीकरणवाले उशिरा आले. सासूबाईंनी मला दोनदा विचारलं, “ती आली का?” मी म्हटलं, शाळा उघडायला गेल्यात, येतीलच. त्यावर त्या म्हणाल्या, “डबा दिलास ना तिला?” तेच त्यांचं शेवटचं बोलणं. वन्सं जिन्यात असताना मी वरून खाली बघितलं आणि त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

साहेब भेटायला घरी आले होते. हात जोडून बसले. चहा घेतला. उठताना काखेतली पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, “यातली माहिती तेवढी भरून ठेवा. घाई नाही. परवापर्यंत चालेल.”

वन्संनी पिशवीतलं सगळं भरून दिलं. पण त्या रात्रीपासून त्यांनी शाळेतलं काहीही हसून सांगणं बंद केलं. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. ते दुःख नव्हतंच, त्या वाट बघत होत्या.

पुढच्या वर्षी शिक्षण संचालक मॅडमचा दौरा ठरला. वेळापत्रक अर्थातच वन्संनीच बनवलं. संचालक मॅडमना दाखवायला म्हणून साहेबांनी वन्संचीच शाळा निवडली होती, लख्ख असते म्हणून. त्याच सुमारास इतर कागदांबरोबर वन्संनी दौऱ्याच्या दिवसापासूनचा आपला रजेचा अर्जही पाठवला. त्यात कुठेही लपवाछपवी नव्हती. तारखा स्पष्ट, सही ठळक. साहेबांनी नेहमीसारखी न वाचता मंजुरी दिली. मोठ्या बाईंनी पाठवलंय, म्हणजे बरोबरच असणार.

“आणि चार्ज कोणाकडे?” मी विचारलं.

“चौथीच्या बाईंनी नाकारला. तिसरीच्या गुरुजींनीही नाकारला. लेखी. कोणीच घेत नसेल तर तो पर्यवेक्षकांकडे जातो.”

“म्हणजे...”

“म्हणजे उद्या सकाळी शाळा साहेब उघडणार.” त्याच संध्याकाळी त्या साहेबांच्या कार्यालयात जाऊन किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या लिपिकाच्या हातात देऊन, पोच घेऊन आल्या होत्या. बोलताना त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. एकही दाणा इकडेतिकडे उडत नव्हता.

हे, म्हणजे माझा नवरा, वन्संचा मोठा भाऊ, पेपरातून डोकं काढून म्हणाले, “अगं, नोकरीवर येईल.”

“रजा मंजूर आहे, दादा.”

“माणुसकी म्हणून तरी एक फोन...”

“माणुसकी माझ्याकडे नाही आता. संपली.”

यांचं डोकं पुन्हा पेपरात गेलं.

सकाळी वन्सं नेहमीच्या वेळी उठल्या, अंघोळ केली, सवयीने घड्याळ बांधलं आणि मग ते काढून फडताळात ठेवलं. फोन टेबलावर, पुढ्यात चहा, समोर मी. माझी धाकटी बहीण सिनेमाला जायची तेव्हा अशीच वेळेआधी खुर्चीत जाऊन बसायची.

साहेबांचा पहिला फोन आला तेव्हा शाळा भरायची वेळ टळून गेली होती. वन्संनी तो वाजू दिला. मग चौथीच्या बाईंचा आला. तो उचलला आणि आवाज मोठा केला.

“बाई, कुलूप उघडेना त्यांना! सगळी पोरं फाटकाशी, पालक उभे. मी म्हटलं, साहेब, जरा वर उचलून ढकलावं लागतं. तर म्हणतात, आधी का नाही सांगितलं?”

“बारा वर्षं सांगतेय, कुलूप बदला म्हणून,” वन्सं म्हणाल्या.

“आता घामाघूम होऊन बसलेत तुमच्या खुर्चीत. पहिली-दुसरी आरडाओरडा करतेय. मला म्हणाले, तुम्ही दोन वर्ग सांभाळा. मी म्हटलं, साहेब, आपला वर्ग सोडायचा नाही हे परिपत्रक तुमचंच. भिंतीवर लावलंय.”

“छान. जा आता, वर्गावर जा.”

मी भांडी घासून घेतली. वन्सं खुर्चीवरून हलल्या नाहीत. पुढचा फोन मधल्या सुट्टीत. चौथीच्या बाई हसू दाबत बोलत होत्या, त्यामुळे अर्धं कळत नव्हतं. साहेबांनी मोटर लावली आणि बंद करायची विसरले. टाकी वाहून पाणी पहिलीच्या वर्गात शिरलं. पोरं बाकांवर चढली. मुलांचा संडास तुंबला. स्वयंपाकवाल्या मावशी धान्य मोजून द्या म्हणून दारात उभ्या राहिल्या आणि जेवण शिजल्यावर पुन्हा आल्या, “चाखा साहेब, त्याशिवाय वाढत नाही.” एक बाप दाखल्यासाठी येऊन बाह्या सरसावून बसला होता.

“आणि बाई, खरी गंमत ऐका. तेवढ्यात त्यांच्याच कार्यालयातून फोन. त्यांचाच लिपिक. म्हणे, साहेबांनी सांगितलंय, सगळ्या शाळांची माहिती तासाभरात पाठवा, नाहीतर खुलासा द्या. हे म्हणतात, अरे मीच बोलतोय! तो म्हणतो, कोणीही असा, साहेब फार चिडलेत!”

मी इतकी हसले की मला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “चिमणी कशी आहे?”

चिमणी म्हणजे पहिलीतली एक मुलगी. ती वन्संचं बोट धरल्याशिवाय वर्गात पाऊल टाकत नाही. तिकडे आवाज खाली आला.

“तिचंच सांगणार होते. माझ्या वर्गात बसायला तयार नाही. फाटकाशी बसलीय. तुमची वाट बघतेय. जेवलीही नाही.”

वन्सं उठल्या. दाराशी जाऊन चप्पल पायात घातली. खरं सांगते, मला त्यांना अडवायचं होतं. दवाखान्यात सासूबाईंचा हात माझ्या हातात होता, त्यांच्या नव्हे. तो हिशेब माझाही होता. पण वाट बघणारी मुलगी आणि वाट बघणारी आई यांत डावं-उजवं मी कोण करणार?

“तिला फोन द्या,” दारातूनच वन्सं म्हणाल्या.

नाक ओढल्याचा आवाज आला.

“चिमणे, मी आज रजेवर आहे.”

“बरं नाही तुम्हाला?”

“चांगली ठणठणीत आहे.”

“मग का येत नाही?”

“कारण माझी रजा आहे. जशी तुला रविवारी सुट्टी असते, तशी. तू चौथीच्या बाईंचं बोट धर आणि जेवायला जा. मी आल्यावर विचारीन.”

पुन्हा नाक ओढल्याचा आवाज. मग, “बोट मोठंय त्यांचं.”

“तरी धर.”

चप्पल काढायला वन्संना जरा वेळ लागला. मग त्या खुर्चीत येऊन बसल्या. मी वाटाण्याची टोपली पुढे सरकवली. त्यांनी ती मागे ढकलली.

संचालक मॅडम दुपारी आल्या. ते सगळं आम्हाला संध्याकाळी, चौथीच्या बाईंच्या तोंडून, दोनदा ऐकायला मिळालं. साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बादली घेऊन पहिलीच्या वर्गातलं पाणी काढत होते. मॅडमनी विचारलं, शिपाई कुठे? साहेब म्हणाले, शाळेला नाही. लिपिक? नाही. मुख्याध्यापिका? रजेवर. मग पहिली-दुसरी कोण शिकवतं? त्याच शिकवतात. आणि हे बाकीचं? तेही त्याच करतात.

“तुमच्या अहवालात तर लिहिलंय, इथे सगळं सुरळीत आहे.”

अहवाल साहेबांचा होता, फक्त त्यांनी लिहिलेला नव्हता.

दिवेलागणीला ते आमच्या दारात उभे राहिले. त्यांची विजार अजून ओली होती. मी पाणी दिलं. चहा विचारला नाही.

“मोठ्या बाई, तुम्ही मला सांगायला हवं होतं.”

“अर्जात सांगितलं होतं. तुमची सही आहे खाली.”

“मॅडमनी सगळ्यांसमोर माझी शोभा केली.”

वन्संनी फक्त त्यांच्या ओल्या विजारीकडे बघितलं.

“शिपायाची मागणी मी आजच पुढे पाठवलीय. लिपिकाचीही. भत्त्याचं मात्र माझ्या हातात नाही, ते वर बघतील. पण पाठवतो.” त्यांनी खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला. “या घ्या. झालं ते झालं.”

वन्संनी जुडग्याला हात लावला नाही. “माझी रजा आजच्यापुरती नाही, साहेब. अर्ज वाचा. आठवडाभर आहे. नंतर वाढवावीही लागेल. शिल्लक बरीच आहे, कधी घेतलीच नाही.”

साहेबांचा चेहरा उतरला. आणि मग त्यांच्या तोंडून ते निघालं. ठरवून नाही, आपसूक.

“पण मग शाळा कोण उघडणार?”

दवाखान्यातल्या फोनवरचंच ते वाक्य. साहेबांना काही आठवलं नाही, हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. त्यांच्यासाठी ते त्या दिवशीही नेहमीचंच वाक्य होतं.

वन्सं उठल्या. जुडगा उचलून त्यांच्या हातात दिला आणि मुठीवर मूठ दाबली, लहान मुलाच्या हातात बसचे पैसे देतात तशी.

“होऊन जाईल हो, साहेब,” त्या म्हणाल्या. “हेच मी आईला सोडून जाताना ऐकलं होतं.”

आता त्यांना आठवलं. जिना उतरताना किल्ल्या वाजत होत्या.

दार लावून वन्सं म्हणाल्या, “वहिनी, चहा टाका आता.”

पुढे आठवडाभर साहेबांनी रोज कुलूप उघडलं. त्यानंतर एक शिपाई आला. लिपिक आला तो अर्धाच, आणखी दोन शाळांत वाटलेला. पहिलीला शिक्षिका देतो म्हणालेत, अजून दिलेली नाही. भत्त्याचं वर विचाराधीन आहे, म्हणजे तिथे कोणी ते उशाला घेऊन झोपलंय. आसपासच्या शाळांतल्या मोठ्या बाईंचे फोन मात्र वन्संना येऊ लागले. रजेचा अर्ज कसा लिहायचा, चार्ज कसा नाकारायचा. वन्सं प्रत्येकीला सावकाश, शिकवल्यासारखं सांगतात. साहेबांचा अहवाल आता साहेबच लिहितात. चुका फार असतात म्हणे.

रजा संपल्यावर पहिल्या दिवशी वन्सं मुद्दाम थोड्या उशिरा गेल्या. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभ्या राहिल्या. नवा शिपाई आला, कुलूप जरा वर उचलून ढकललं, फाटक उघडलं आणि मुलं आत गेली. चिमणी तेवढी बाहेर थांबली होती.

संध्याकाळी त्यांनी मला हे सांगितलं. मग म्हणाल्या, “उघडतं हो वहिनी, माझ्याशिवाय उघडतं. त्या दिवशीही उघडलं असतं.”

मी विचारलं, “पोट भरलं का तुमचं?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्याची विजार भिजली.”

अजून त्यांची बरीच रजा शिल्लक आहे. साहेब आता त्यांचा प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.