पुतळाबाईचा पाट बोईसरला गेला

बोईसरला मुलाकडे राहायला आल्यापासून पुतळाबाईला अन्न गोड लागेना. कारण विचारलं तर म्हणायची, "हितं कोन वरडतच नाय रं."

शरच्चंद्र, म्हणजे शरद, तिचा एकुलता एक. कारखान्यात फिटर होता. कंपनीने दिलेलं दोन खोल्यांचं घर, दारात जास्वंद, वसाहतीच्या फाटकावर पहारेकरी, नळ सोडला की पाणी. सून प्रेमा शाळेत शिकवायची, पण शिक्षणाचा तोरा म्हणून नाही. सासूला आयतं ताट हातात द्यायची. देवाने पदरात एवढं घातल्यावर माणसाने तक्रार कशाची करावी? पुतळाबाई करतही नव्हती. सकाळी आंघोळ करून एकवीरा आईच्या तसबिरीपुढे हात जोडायची आणि मग खिडकीत बसून रस्ता बघायची. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसायचं. एखादा सायकलवाला जायचा, तोही घंटी न वाजवता.

लग्न होऊन वेसाव्याला आली तेव्हापासून ती अंधेरीच्या बाजारात मासळी विकत होती. बंदरावरच्या लिलावात टोपली भरायची, चौघींनी मिळून केलेल्या टेम्पोत बसायचं, नाक्यावर उतरायचं आणि शाळेच्या भिंतीलगतच्या गल्लीतून बाजारात शिरायचं. ही गल्ली बदनाम. तिथे दारूचा अड्डा होता, खिसे कापणारी पोरं होती, मारामाऱ्या तर पाचवीला पुजलेल्या. महादू नावाचा एक दादा त्या नाक्यावर हुकूम गाजवायचा, येताजाता कुठल्याही टोपलीतलं पापलेट उचलायचा. पुतळाबाई त्याला सात पिढ्यांसकट उद्धरायची आणि तो दात काढून म्हणायचा, "मावशी, तुझ्या शिव्या खाल्ल्या ना, की मग मासा झकास लागतो."

शहाऐंशीच्या वैशाखात त्याच गल्लीत दोन पोरांनी तिला भिंतीला दाबलं. एकाने चाकू दाखवला, दुसऱ्याने कानातलं सोन्याचं फूल ओढलं. फूल निघालं ते कानाची पाळी घेऊनच. टोपली पडली, बोंबील चिखलात गेले. मासे कापायचा कोयता टोपलीत माशांच्या तळाशी होता, नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं ते एकवीरा आईलाच ठाऊक.

शरद आला तेव्हा ती दवाखान्यात होती. लुगड्यावरचं रक्त बघून तो बाकावर बसला तो उठेचना. आणि पुढे कितीही वेळा तो विषय निघाला तरी त्याला आठवायचं ते रक्तच. पुतळाबाईला मात्र भलतंच आठवायचं. केळीवाला हातातला घड टाकून त्या पोरांमागे धावला होता. चहावाल्याने आपलं फडकं तिच्या कानावर दाबून धरलं होतं. रिक्षावाल्याने मीटर पाडला नव्हता. सुगंधा, बाजारातली तिची शेजारीण, चिखलातले बोंबील वेचून, धुऊन, विकून, शेवटी दवाखान्यात आली होती. आणि महादू डॉक्टरच्या दारात उभा राहून ओरडत होता, "माझ्या नाक्यावर? माझ्या मावशीला?" जणू कान त्याचाच फाटला होता.

"आई, बस झालं," शरद म्हणाला. "ते गाव राक्षसांचं आहे."

तिचा कान ठणकत होता, आणि मुलाचा चेहरा तिच्याच्याने बघवत नव्हता. पाऊस तोंडावर आला होता, होड्या किनाऱ्याला लागायच्याच होत्या. चार महिने जाऊन येऊ, असं मनाशी म्हणून ती निघाली.

बोईसरला दोन दिवसांनी तिने शेजारच्या घरी खिडकीतून हाक मारली, "ए बाय, आज काय शिजवलास गो?" शेजारीण दचकून बाहेर आली, तिच्या पाठोपाठ नवराही. संध्याकाळी प्रेमाने हळूच सांगितलं, "आई, इथे असं मोठ्याने नाही हो बोलत."

"मंग कलतं कसं एकमेकींचा?"

"जाऊन बेल वाजवायची."

"जेवलीस का विचाराया बेल वाजवू?" पुतळाबाईने विचारलं. प्रेमाला हसू आलं.

एकदा वसाहतीत सायकलवर मासेवाला आला. जन्मात पहिल्यांदा पुतळाबाई मासळी विकत घ्यायला दारात उभी राहिली. मांदेली उचलून वास घेतला, कल्ला उघडून बघितला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही मांदेली कुठल्या सालातली रं? तुज्या आजाच्या बारशाची?" मासेवाला गरीब बिचारा. म्हणाला, "राहू द्या मावशी, तुम्हाला वाटेल तो भाव द्या." ती बघतच राहिली. मांदेली घेतली, आत आली, साफ करायला बसली आणि अर्ध्यातच हात थांबले.

"काय झालं आई?"

"भांडलाच नाय गो तो," पुतळाबाई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

प्रेमाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हे दुखणं कानाचं नव्हे.

रात्री अंथरुणात पडली की पुतळाबाईला बाजार ऐकू यायचा. बर्फ फोडल्याचा आवाज, कोयत्यांची खटखट, "ए भाऊ, ए ताई, नुसता बघून काय जातंस?" अशा आरोळ्या, लॉरीचा भोंगा, कुणाची तरी जुंपलेली. पोलिसाची शिट्टी वाजली की पळणाऱ्या चपलांची फडफड. लोक एकवीरा आईकडे सुखशांती मागतात. पुतळाबाई उशाशी हात जोडून म्हणायची, "आये, मना परत ने." एवढंच. कुठे, ते सांगावं लागत नव्हतं.

आषाढात शरद कामासाठी मुंबईला गेला. वेसाव्याच्या घराचं छप्पर गळतं का तेही बघून आला. आल्यावर पायातले बूट न काढताच त्याने पिशवीतून एक लाकडी पाट काढून आईपुढे ठेवला. बाजारात पुतळाबाई ज्यावर बसायची तो. बैठकीला गुळगुळीत झालेला, कडेला कोयत्याचे वार.

"बाजारात गेलो होतो मुद्दाम," तो म्हणाला. मुद्रा अशी, की जणू आईला कानातलं नवं फूलच आणलंय. "तुला इथे करमत नाही ना. स्वयंपाकघरात यावर बस. किती घाण झाला होता! तिथल्याच नळावर घासूनपुसून धुतला."

पुतळाबाईचा चेहरा उतरला. "कोन व्हता तिथं?"

"सुगंधामावशी होती, सुकट विकत. मी पाट उचलला तर रडायलाच लागली बिचारी. काही विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, आई आता यायची नाही, तर तिने तांब्याभर पाणी आणून तुझ्या जागेवर शिंपडलं. हात जोडले. किती जीव गं तिचा तुझ्यावर!"

पुतळाबाई मटकन खाली बसली.

त्या बाजाराची एक रीत होती. कुठे लिहिलेली नाही, पण लिहिलेल्यापेक्षा पक्की. बाई आजारी पडो, बाळंतीण होवो, गावाला जावो, तिचा पाट तिच्या जागेवर उलटा पडून राहिला की जागा तिची. कुणी तिथे पाय देत नसे. पाट धुवायचा तो एकदाच, जागा सोडताना. बाई मेली, किंवा तिने धंदा सोडला, की घरचं माणूस येतं, नळावर पाट धुतं आणि न बोलता घेऊन जातं. मग शेजारीण जागेवर पाणी शिंपडून ती मोकळी करते. आणि नारळी पौर्णिमा झाली, नवी मासळी आली, की जाणत्या बायका ती जागा दुसऱ्या गरजवंत बाईला देतात. तिच्या मासळीचं पहिलं पाणी तिथे सांडलं, की जागा तिची झाली. शरद कोळ्याचा पोर खरा, पण बाजार बायकांचा. पुरुषमाणसाला ती रीत ठाऊक असायचं कारण नव्हतं. लेकराने मायेपोटी आईची जागा स्वतःच्या हाताने धुऊन टाकली होती.

प्रेमा सातपाटीची. तिच्या गावची रीत निराळी, पण सासूकडे बघून तिला काय झालं ते उमगलं. तिने नवऱ्याला आत बोलावून सांगितलं. तो बाहेर आला तो घुश्शातच. आपली चूक माणसाला बोचली की ते रागावतं, त्यातली गत.

"बरंच झालं मग! जागा गेली तर गेली. परत तिथे जाऊन दुसरा कान द्यायचाय का?"

"माजा कान हाय. माजी जागा हाय."

"आई, तिथे तुला मारून टाकतील गं!"

"आनि हितं?" ती म्हणाली. "हितं तर मना मारायाला बी कोन येत नाय."

पुतळाबाई सुगंधाला निरोप धाडते म्हणाली, तर "आता तो विषय नको" म्हणून शरदने हात जोडले. मुलाचे जोडलेले हात बघून आई तरी काय करणार? त्यानंतर ती जेवायला बसायची, पण भात चिवडून उठायची. एका रात्री प्रेमा नवऱ्याला म्हणाली, "अहो, माणूस जपायचं म्हणजे कपाटात ठेवायचं नसतं. पौर्णिमेला घेऊन जा त्यांना. सण आहे, दर्याला नारळ तरी देतील." सणाला नाही कसं म्हणणार? तो कबूल झाला, पण सण आटोपला की लगेच परत, या बोलीवर.

पौर्णिमेला पुतळाबाईने वेसाव्याच्या किनाऱ्यावर दर्याला नारळ अर्पण केला. गुलाल, वाजंत्री, नाचणाऱ्या बाया, सगळं डोळे भरून पाहिलं. पण तिचं चित्त दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे लागलं होतं. सकाळी ती आपला पाट काखेत मारून निघाली. शरद मागे, तोंड पाडून. त्याच गल्लीतून. गल्लीत शिरताना तिने पदर कानावर ओढला आणि शरदने तिचा दंड धरला.

बाजारात तिच्या जागेवर एक तरणी बाई बसली होती. मथुरा तिचं नाव. नवरा दर्यात बुडालेला, घरी दोन लेकरं. नवा कोरा पाट, पुढे सुरमई मांडलेली, बर्फाचं पाणी पाटाखालून वाहतं.

सुगंधा ओरडलीच, "अगो बया! पुतळे, तू जित्ती?"

"मेले व्हते. आले परत."

"अगो, तुज्या पोरानं पाट धुतला, म्हनला आई आता यायची नाय. मी इच्यारनार तरी काय? तरी पौर्निमेपरयंत वाट बघली गो तुजी. मंग बायांनी जागा दिली हिला." सुगंधाने शरदकडे वळून कपाळावर हात मारला. "शिकलास रं मेल्या, लय शिकलास."

चार बायका जमल्या. एक म्हणाली, पोराची चूक, जागा पुतळीची. दुसरी म्हणाली, दिली ती दिली. आवाज चढले. मथुरा उठून सुरमई टोपलीत भरू लागली.

पुतळाबाई त्या जागेकडे बघत उभी राहिली. मधोमध, छपराखाली, खांबाला टेकायला मिळणारी जागा. तिथे बसून तिने शरदला वाढवलं होतं, नवरा गेल्याचं दुःख गिळलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर मिळाली असती. तिने काखेतला पाट काढून हातात घेतलाही. पण बर्फाचं पाणी मथुराच्या पाटाखालून वाहत होतं. नव्या मासळीचं पहिलं पाणी. ज्या जागेवर एकीने ते सांडलं, तिथून तिला उठवायचं तर एकवीरा आईला काय तोंड दाखवायचं?

"बस खाली," ती मथुराला म्हणाली.

"मावशी, जागा तुमची..."

"बस म्हनते ना! उठलीस तर तुजी सुरमई गटारात टाकीन." आवाज असा कडक की मथुरा घाबरून बसली. पुतळाबाई तोंड फिरवून चालू लागली. सुगंधाने आपल्या टोपलीतले बोंबील तिच्या पदरात ओतले, तेव्हाही ती कुणाकडे बघेना.

बाजाराच्या बाहेर, गल्लीच्या तोंडाशी थोडी मोकळी जमीन होती. वर छप्पर नाही, बाजूला गटार, मुन्शिपालटीची गाडी पहिली धाड घालायची ती तिथेच. म्हणून तिथे कुणी बसत नसे. पुतळाबाई आपला पाट टाकून बसली.

"आई, इथे?" शरद कळवळला. "याच गल्लीच्या तोंडाशी?"

"ही गल्ली वलकते मना."

"आणि पुन्हा काही झालं तर?"

तिने बोंबील ओळीने लावले. "झालं तर वरडेन. हितं वरडलं की मानसं धावतात. तू जा शरू, गाडी चुकेल. प्रेमाला सांग, दिवालीला येते फराल घेऊन."

तो जाईना. उन्हात उभा राहिला. मग खाली बसून त्याने तिच्या पायांना हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. तिने ओल्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माशाचा वास त्याच्या केसांना लागला. तो उठला आणि स्टेशनकडे निघाला.

तेवढ्यात महादू समोर येऊन उभा राहिला. "मावशी! आलीस तर आत बस ना यार, हे काय रस्त्यावर?"

"बाजूला हो मेल्या, गिऱ्हाइक दिसू दे."

तो खदखदून हसला आणि बाजूला झाला. आतून मथुराची बारीक, लाजरी हाक ऐकू येत होती. पुतळाबाईची मान आपोआप तिकडे वळली, खांबाकडे. क्षणभर तशीच राहिली. मग तिने ती बळेच रस्त्याकडे फिरवली. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता. आतल्यापेक्षा इथे आवाज दुप्पट लागणार होता. तिने आरोळी दिली, पण घशातून फाटकी हवाच निघाली. इतके महिने न वापरलेला गळा. ती खाकरली, पदराने तोंड पुसलं, आणि पुन्हा, पोटातून, "ए ताई, बोंबील घे गो, ताजं हाय!"