न्हाऊ घालणारी बू तिनी

आमच्या वाडीत कुणी बाई वारली की मशिदीच्या भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं जायचं आणि पाठोपाठ कुणीतरी बू तिनीच्या दाराशी जायचं. तिचं पूर्ण नाव पार्तिनी; बू म्हणजे आमच्याकडे बाई. मय्यत बायकांना शेवटची अंघोळ घालणं हे तिचं काम. आधी तिची सासू करायची, सासूमागे ते तिच्याकडे आलं, त्यालाही वीस-बावीस वर्षं झाली. पहिलं पाणी बोरीच्या पाल्याचं, मग साधं, शेवटचं कापराचं. माझ्या आईलाही तिनेच न्हाऊ घातलं. केस धुताना आईला म्हणाली होती, “मान सैल सोडा हं, झालंच आता.” जिवंत माणसाशी बोलावं तसं.

इसब तिला लहानपणापासूनचं. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांमागे, मानेवर, आणि सगळ्यात जास्त हातांवर. कोळंबी खाल्ली की वाढायचं, जीवाला घोर लागला तरी वाढायचं. झोपेत ओरबाडू नये म्हणून हातांत पायमोजे घालून निजायची. नवरा मजुरीला मलेशियात गेला तो तिकडचाच झाला. “माझ्या हाताची सालं टोचायची त्याला, पळाला बिचारा,” असं तीच हसत सांगायची. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईला सगळी वाडी सिंबाह म्हणायची, म्हणजे आजी.

मग रोगाची साथ आली. वाडीच्या तोंडाशी बांबूचा अडसर पडला आणि दारोदारी नळ लावलेल्या बादल्या आल्या. कुणाकडे जायचं तर आधी साबणाने हात धुवा, मशिदीत धुवा, दुकानात धुवा, शिवाय अडसरापाशी हातांवर स्पिरिटचा फवारा. आमचे हात नुसते कोरडे पडले. बू तिनीच्या पेरांना चिरा गेल्या. स्पिरिट पडलं की डोळे मिटून घ्यायची आणि ओठ दाबून उभी राहायची. “देवाचं नाव घेतेय,” म्हणायची कुणी विचारलं तर.

लोकांना कळायचं ते कळलंच. ती मढ्यांना हात लावते, आता मढ्यांचा रोग तिच्या हातांवर आला, असं बायका बोलू लागल्या. एकदा भाजीच्या गाडीपाशी आम्ही चार-पाच जणी होतो. ती आली आणि पालकाच्या जुडीला हात घालणार, तोच शेजारची हार्ताती म्हणाली, “बू तिनी, हात नका लावू, बोटाने दाखवा. आम्हालाही तीच भाजी खायचीय.”

“बोट पण हाताचंच आहे गं, हार्ताती,” ती म्हणाली. “हे इसब आहे. माझी आई पन्नास वर्षं माझ्या शेजारी झोपतेय, तिला नाही लागलं. तुला बरं पालकातून लागेल!”

दोघीतिघी हसल्या. पण जागा कुणी करून दिली नाही. मीही नाही. मी घरी टेम्पे करून विकते, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, केळीच्या पानात बांधलेल्या. त्यानंतर मी तिची पुडी हातात द्यायचं सोडलं. कठड्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागे व्हायची. तिला ते दिसत होतं. पुडी उचलून “बरं असो तुझं, यातमी,” म्हणायची आणि जायची.

साथीच्या दुसऱ्या वर्षी, जुलैत, कहर झाला. तीन आठवड्यांत आमच्या आणि शेजारच्या वाडीत मिळून अकरा माणसं गेली. दवाखान्यात गेलेली पेटीतून थेट कबरस्तानात जायची. पण कितीतरी घरातच गेली, जागा कुठे होती दवाखान्यात? त्यांतल्या बायकांना अंघोळ घालायला कुणी पुढे होईना. आणखी दोघी करायच्या हे काम; एक आजारी पडली, दुसरीला तिच्या मुलांनी घरात कोंडलं. बू तिनी गेली. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचा पोशाख आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, एकावर एक दोन. त्या उन्हात. आतून घाम, आत जखमा. मोजे काढताना सालं मोज्यांना चिकटून यायची. पाच बायकांना तिने न्हाऊ घातलं. त्यांत हार्तातीची सासू होती. त्या घरून तिला निरोप आला, “उपकार झाले.” निरोप फोनवरून आला, घरून कुणी आलं नाही.

पाचवीनंतर हात पिकले. बोटं सुजून केळ्यांएवढी झाली, ताप भरला. आरोग्य केंद्रात आधी साथीची तपासणी केली, ती नव्हतीच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळले आणि बजावलं, “महिनाभर पाण्यात हात घालायचा नाही. घातलात तर विष अंगात चढेल. मय्यतीचं काम तर विसराच.”

आणि बरोबर दहाव्या दिवशी सिंबाह गेली. सकाळी भाताची पेज अर्धी प्यायली, भिंतीला टेकली, आणि गेली. नव्वदीची होती. नर्सने येऊन नाकात काडी घालून पाहिलं, रोग नव्हता. मशिदीतले मोदीन, अंत्यविधी तेच बघतात, म्हणाले, घरीच सगळं रीतसर करता येईल.

पण करणार कोण? मी अंगणाबाहेर उभी होते. बू तिनी दारात आली. हात पोटाशी धरलेले, दोन गाठोडी धरावीत तसे.

“यातमी,” ती म्हणाली, “तू करशील?”

“मला येत नाही, बू. मी कधी...”

“मी सांगते ना. तुझ्या आईच्या वेळी बघितलंयस तू.”

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते? पडवीत चहूबाजूंनी बाटिकचे पडदे बांधले. माझ्याबरोबर मदतीला माझी जाऊ. सिंबाहला बाकावर ठेवायचं म्हणून आम्ही बाक आणला, तर बू तिनी म्हणाली, “बाक नको. मांडीवर घेऊ या.” ही जुनी रीत. पोरांनी ओळीने बसायचं आणि मय्यत मांड्यांवर घेऊन न्हाऊ घालायचं. आता कुणी करत नाही. आणि सिंबाहला पोर एकच. मग पायांकडून माझी जाऊ बसली आणि डोकं-खांदे बू तिनीने घेतले. हातांना तिने प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घेतल्या होत्या आणि ते वर धरले होते, खांद्यांच्या वर, म्हणजे पाणी लागायला नको.

“आधी उजवी बाजू,” ती सांगत होती. “हलक्या हाताने. पोटावरून हात फिरव, दाबू नको. कानामागे... अगं, कानामागे धू ना, तिथे तिला मळ आवडायचा नाही.” आवाज अगदी नेहमीचा. शेवटचं कापराचं पाणी मी ओतलं, तेव्हा ते तिच्या मांडीवरून वाहत गेलं आणि तिने एकदम एक हात खाली आणला, आईच्या कपाळावर ठेवायला. पिशवी चुरचुरली. तिने हात पुन्हा वर घेतला.

तेव्हा ती रडली. डोळे पुसायला हात नव्हता. मी ओढणीने पुसले. किती दिवसांनी मी तिला हात लावत होते.

हात बरे व्हायला दीड महिना लागला. बरे म्हणजे जखमा भरल्या, इसब आहेच. कातडी कागदासारखी झालीय, मूठ पुरती मिटत नाही. डॉक्टरीणबाईंनी कापूर आणि साबण कायमचा बंद केला. आता न्हाऊ घालायला मी जाते. सुरुवातीला ती खुर्ची घेऊन पडद्याबाहेर बसायची आणि आतल्या आवाजावरून माझ्या चुका काढायची. हल्ली येत नाही. हार्ताती भाजीच्या गाडीपाशी तिला जागा करून देते, पण झाल्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही नाही.

सिंबाहच्या चाळिसाव्याला भात आणि केळी वाटून झाल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, “यातमी, एक विचारू? आईची पाठ कशी लागली हाताला? ती नेहमी म्हणायची, तुझी पाठ खरबरीत आणि माझी लोण्यासारखी.”

“लोण्यासारखीच होती,” मी म्हटलं.

न्हाऊ घालताना माझ्या हातांत रबरी मोजे होते. मला काहीच कळलं नव्हतं. तिने मान डोलावली. मग मनगटाजवळ खाजवायला लागली आणि मी तिला थांबवलं नाही.