एकशे चौदाव्या पानावरच्या विहिरी

कापड चिमटीत चोळून पाहिल्याशिवाय मी आजवर एक ठाण उचललेलं नाही. उमरेडच्या विणकराच्या घरातून निघालो, आठवडी बाजारात सतरंजीवर लुगडी मांडली, नागपुरात स्वतःचं दुकान केलं, ते या सवयीवर. आणि पन्नाशीत पीएच.डी.ला बसलो तेव्हा हीच सवय कशी सोडली, हे मला अजून सांगता येत नाही.

आमच्या संशोधन केंद्रात तशी रीतच होती. आधीच्या प्रबंधातली संदर्भसूची घ्यायची, आपल्या विषयाचं तेवढं ठेवायचं. ज्या पुस्तकाचं तोंड पाहिलं नाही त्याचा पान नंबर बिनधास्त द्यायचा. मीही दिला. माझा विषय उमरेडचे हातमाग, आणि माझ्या गाईड सरांचं पुस्तकही त्यावरच. त्यात लिहिलं होतं की उमरेडचे विणकर ताण्याच्या उभ्या सुताला लावायच्या ज्वारीच्या खळीत जवसाचं तेल घालत. खाली टीप: इंग्रजी अमदानीतला एक जुना अहवाल, पान एकशे चौदा. आपल्या घरची गोष्ट साहेबांच्या अहवालात! माझी छाती फुगली. ओळ आणि टीप दोन्ही जशीच्या तशी उतरवली.

शेवटचं प्रूफ वाचताना ती ओळ टोचली. जवसाचं तेल उमरेडमध्ये फक्त माझी आई घालायची. ती खाप्याची. माहेरून ही पद्धत घेऊन आली होती आणि शेजारणी तिला हसायच्या, "खाप्यावाली आली वं, सुताले फोडणी देते." अहवाल तर आईच्या जन्माच्याही आधीचा.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ग्रंथालयात गेलो. तिथल्या बाईंनी धूळ झटकून अहवाल समोर ठेवला. पान एकशे चौदावर विहिरी होत्या. कुठल्या गावात किती, पाणी गोड की खारं. मी पुढची-मागची पन्नास पानं चाळली, खळीचा शब्दही नव्हता.

"दुसरी आवृत्ती असेल का?"

"एकच आहे जी," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्याआधी कोणी नेल्याची नोंद नाही."

तिथूनच सरांच्या घरी गेलो. वीसेक वर्षांपूर्वी तरुण प्राध्यापक असताना सर उमरेडला टेपरेकॉर्डर घेऊन हिंडले होते. आमच्याकडेही आले होते. मी तेव्हा बाजारात होतो. आईने चहा दिला, दुपारभर बोलली, एवढं तिने मला सांगितलं होतं.

"सर, खळीचं तुम्हाला माझ्या आईने सांगितलं. मग तिचं नाव काहून नाही?"

सर चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं पडलं असतं. "अहो शेठ, तेव्हा मलाही गाईड होते. म्हणाले, अंगठाबहाद्दर बाईचा दाखला चालत नाही, छापील द्या. कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. दिलं."

"वाटत होतं? पान नंबरसकट वाटत होतं?"

"ओरडू नका, शेजारी ऐकतात. काढून टाका ती ओळ. एका ओळीने प्रबंध अडत नाही."

"ओळ नाही निघणार. आईची मुलाखत म्हणून टाकतो."

"तारीख?" सरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "टेप? त्यावर मी नंतर दुसरं रेकॉर्ड केलं. मुलाखत घेतली मी, तुम्ही तिथे नव्हता. आई आहेत का आता सांगायला?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. खरा दाखला माझ्या घरचा होता, आणि तो द्यायचा तर सरांनी आपलं पुस्तक खोटं म्हणायला हवं होतं. सरांची सही नसेल तर प्रबंध जमा होणार नव्हता. माझी नोंदणी महिनाअखेर संपत होती, मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. बाजारात समोरचा अडून बसला की मी उठून चालू लागतो, तो मागून हाक मारतो. इथे उठून कुठे जाणार?

तरी घासाघीस केलीच. म्हणालो, मुलाखत नको, माझ्याच डोळ्यांचा दाखला घालतो. लहानपणी ती खळ मी स्वतः ढवळली आहे.

"आपलीच साक्ष आपणच देणार?"

"उमरेडचा विणकर उमरेडवर लिहितो आहे, सर. मी नाही तर कोण देणार?"

सरांनी मोजायला धरलेली बोटं सोडली. मग म्हणाले, "ठीक. आईंचं नाव घाला. पण पुढे 'तसेच पाहा' म्हणून अहवाल राहू द्या, पानासकट. तो काढला तर का काढला, ते लोक माझ्या पुस्तकात शोधायला जातील."

मी हो म्हणालो. सौदा मीच काढला होता, त्यामुळे नाही म्हणायलाही तोंड राहिलं नव्हतं. सरांनी प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं: सर्व संदर्भ मी मूळ स्वरूपात स्वतः तपासले आहेत. बाकीच्या संदर्भांपैकी निम्मे मी पाहिलेले नव्हते. हा एक मात्र पाहिला होता, आणि तोच खोटा होता. मी सही केली. माझ्या सहीखाली त्यांनी केली.

पदवी मिळून आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच केंद्रातला एक नवा प्रबंध हाती आला. खळीची ओळ त्यात आहे. टिपेत अहवाल आहे, पान एकशे चौदा आहे, कंसात माझ्या प्रबंधाचा उल्लेख आहे. आई नाही. एका टिपेत दोन दाखले जड होतात म्हणून लिहिणाऱ्या मुलाने छापील तेवढा ठेवला असावा.

रागाने त्याचा नंबर मिळवला, फोन लावला. "तू ते पान पाहिलंस का रे?" मी विचारलं.

"नाही सर," तो सरळ म्हणाला. "तुम्ही पाहिलंय ना?"

"पाहिलंय," मी म्हणालो.

"मग झालं की, सर." त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.