किब्ल्याच्या उलट बाजूला

तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा संपवून मी अब्बांकडे कुवेतला गेलो, तेव्हा अर्दियातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी इंजिनियर झालोय असंच सगळे धरून चालले होते. अब्बांनीच तसं सांगून ठेवलं होतं. मी अजून शिकतोय, दोन विषयांत पास होईन की नाही याची मलाच खात्री नाही, असं सांगायला मी एकदोनदा तोंड उघडलं, पण दरवेळी कोणीतरी हातात चहा दिला आणि पाठ थोपटली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा आणि इंजिनियर यांच्यात नेमका काय फरक, हे अब्बांना समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. कदाचित मला ते फार मनापासून सांगायचंही नव्हतं.

वर्कशॉपमध्ये कॅरव्हॅन दुरुस्त होतात. गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली: आत पलंग, ओटा, मोरी, वर एसी. थंडी पडली की इथली कुटुंबं वाळवंटात तंबू टाकतात आणि शेजारी कॅरव्हॅन उभी करतात. काही जण सुट्टीपुरते जातात, काही जण महिनेच्या महिने राहतात. अब्बा एसी, पंप आणि वायरिंगचं काम बघतात, म्हणून थंडीत त्यांना उसंत नसते.

हज्जी हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना हज्जीच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. वय झालेलं, बायको मागेच गेलेली, गुडघे इतके धरलेले की वाळूत चालता येत नाही. तरी हिवाळ्यात ते शहरातलं घर सोडून सुलैबियाच्या बऱ्याच पुढे, उघड्या माळावर मुक्काम करत. संध्याकाळी त्यांच्या तंबूत दिवानिया भरे, म्हणजे पुरुषांची बैठक. भाऊबंद आजूबाजूच्या तंबूंतून येत, गाव्हा म्हणजे तिथली कडू कॉफी पीत, बोलत बसत. फुटबॉलचा सामना असला की हज्जींचा टीव्ही लागे.

त्या वर्षी टीव्हीने दगा दिला. चित्र चौकोनाचौकोनांनी फुटायचं, आवाज तुटायचा, मग पडदा काळा. पलीकडच्या तंबूत त्यांच्या चुलतभावाने मोठा पडदा आणि इंटरनेट आणलं होतं. लागोपाठच्या सामन्यांना सगळे तिकडे गेले. हज्जींना मुलांनी गाडीत घालून नेतो म्हटलं, तर ते म्हणाले, मी सामान नाही. ते एकटे बसून राहिले. आता त्यांच्या देशाचा सामना आला होता. त्या संध्याकाळीही तंबू रिकामा राहिला, तर पुढे माणसं सवयीनेच तिकडे जाऊ लागतील, हे ते अब्बांना फोनवर बोलले. अब्बा त्यांना म्हणाले, माझा मुलगा आलाय, इंजिनियर आहे, तो बघेल.

हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

"अब्बा, अँटेनाचा विषय आम्हाला पुढच्या वर्षी आहे."

"मग पुढच्या वर्षातलं थोडं आज कर," अब्बा म्हणाले आणि गाडी सुलैबियाच्या रस्त्याला लावली.

आम्ही दुपारी पोचलो. हज्जी तंबूच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं हिंदी मोडकंतोडकं, पण ऐटदार. वडिलांबरोबर लहानपणी मुंबईला जाऊन आल्याचं त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मला त्यांनी मुहन्दिस म्हणून हाक मारली. त्याचा अर्थ इंजिनियर. मी अब्बांकडे पाहिलं. अब्बा हत्यारांची पेटी उघडण्यात फार गुंतले होते.

कॅरव्हॅनच्या टपावर चढलो. अँटेना एसीच्या डब्याला चिकटून, टपापासून वीतभर उंचीवर आडवा बसवलेला होता. खाली सगळा पत्रा, शेजारी लोखंडी डबा. इतकं तर मलाही कळत होतं की तो तिथे नको. केबलचं टोक उघडलं तर आतली तार हिरवी पडलेली. अब्बांनी ते टोक कापून नवीन बसवलं. तंबूचा एक जादा लोखंडी खांब होता, तो आम्ही कॅरव्हॅनच्या मागच्या शिडीला बांधला आणि त्याच्यावर अँटेना चढवला. मधे कोणीतरी स्वस्तातला बूस्टर जोडून ठेवला होता. बूस्टर चांगल्या सिग्नलबरोबर वाईटही तेवढाच फुगवतो, असं सर एकदा ओघात म्हणाले होते. मी तो काढला, पण जपून खिशात ठेवला, कारण सर चुकीचं बोलले असतील तर परत लावता यावा.

मग प्रश्न आला दिशेचा. मी वरून विचारलं, मनोरा कुठल्या बाजूला? प्रक्षेपणाचा मनोरा शहरात होता. माळावरून शहर दिसत नव्हतं. फोनला जेमतेम रेंज, नकाशावर नुसता पिवळट चौकोन. अब्बांनी हज्जींना विचारलं, हज्जींनी खुर्चीतूनच काठीने हवेत काहीतरी दाखवलं, आणि अब्बांनी मला सांगितलं, "किब्ल्याकडे तोंड केलंस की बरोबर पाठीमागे."

किब्ला म्हणजे नमाजाची दिशा. त्याच्या उलट म्हणजे पूर्व. मी फोनमधलं होकायंत्र काढलं, पूर्व बघितली, अँटेना तिकडे वळवून नट आवळले. काम अगदी नेमकं झालं म्हणून मला बरं वाटलं.

टीव्ही लावला. चॅनल शोधायला लावले. एकच सापडलं, आणि तेही फुटत होतं. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि एक दर्जाची. ताकद अर्ध्याच्या वर होती, दर्जा मात्र उठायचा आणि पडायचा. बूस्टर परत लावून पाहिला, तर दर्जाची पट्टी पुरतीच झोपली. सर बरोबर होते, एवढंच काय ते हाती लागलं. मी केबल पुन्हा तपासली. खांब उंच केला. हज्जींनी एकदा हळूच विचारलं, भावाला कळवू का, की आज आमची माणसंही तिकडेच येतील? अब्बा म्हणाले, थोडं थांबा.

एवढ्यात असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची, वेळ झाली. तंबूपुढे वाळूत लांब चटई अंथरलेली होती. हज्जी खुर्चीत बसून नमाज पढायचे. आम्ही त्यांच्या शेजारी उभे राहिलो.

नमाजात मनात भलतंसलतं आणू नये, पण आलं. सूर्य थेट माझ्या डोळ्यांत येत होता. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी थंडीतल्या असरला सूर्य डाव्या खांद्याकडे असतो. मशिदीच्या अंगणात उभं राहिलं की डाव्या कानशिलाला ऊन लागतं. ते मला लहानपणापासून माहीत. इथे आल्यापासून मी खोलीत नाहीतर मशिदीत आतच नमाज पढलो होतो, उघड्यावर ही पहिलीच वेळ. सूर्य इतका समोर कसा? मग लक्षात आलं, की माझ्या पाठीमागच्या अँटेनाचं तोंड जिकडे आहे, ती माझ्या पाठीची दिशा नव्हेच. ते बरंच एका अंगाला आहे.

नमाज संपवून सलाम फेरल्यावर मी अब्बांना म्हटलं, "अब्बा, इथे किब्ला पश्चिमेला नाही."

"असं कसं? किब्ला म्हणजे..." अब्बा बोलता बोलता थांबले. त्यांनी चटईकडे पाहिलं, मग सूर्याकडे.

आमच्या गावात किब्ला हा शब्द पश्चिमेसाठीच वापरतात. किब्ल्याकडचं दार, किब्ल्याकडची बाग. होडीवरची माणसंसुद्धा वारा किब्ल्याचा सुटला असं म्हणतात. मक्का तिथून पश्चिमेलाच, त्यामुळे कधी कोणाचं काही चुकत नाही. पण कुवेतहून मक्का नैऋत्येला आहे. हज्जींनी सांगितलेली दिशा अगदी बरोबर होती. ती अब्बांच्या तोंडून माझ्या कानात येईपर्यंत गावची झाली होती.

"म्हणजे नमाज इथला आणि बोलणं गावचं," अब्बा म्हणाले आणि हसायला लागले. मला त्यांना असं हसताना बघून बरीच वर्षं झाली होती. ते सुट्टीवर गावी येतात तेव्हा बहुतेक दमलेले असतात.

हज्जींनी विचारलं, काय झालं? अब्बांनी हिंदी आणि अरबी मिसळून सांगितलं. हज्जींनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

"काबा जागेवरच आहे ना?"

"आहे, हज्जी."

"मग अँटेना हलवा."

मी परत वर चढलो. या वेळी होकायंत्र खिशातच ठेवलं. हज्जींनी किब्ल्याच्या रोखाने काठी आडवी धरली आणि मी त्याच रेषेत, उलट बाजूला, अँटेना फिरवू लागलो. ते खालून "सीदा, सीदा" म्हणत होते. मला वाटलं माझ्यासाठी हिंदीत बोलताहेत; अब्बांनी नंतर सांगितलं की हा शब्द त्यांच्या बोलीत असाच आहे, आपल्याकडूनच कधीतरी गेलेला. अब्बा आत टीव्हीपुढे बसून पट्ट्या मोठ्याने वाचत होते. चढतेय, चढतेय, पडली, मागे घे, हां, तिथेच. मी नट आवळले. पुन्हा शोधल्यावर चॅनलांची रांग लागली. चित्र स्वच्छ होतं, अगदी निवेदकाच्या डोक्यावरच्या रुमालाची शिवणसुद्धा दिसत होती. हज्जींनी चित्राकडे थोडा वेळ पाहिलं आणि मुलाला फोन करून गाव्हाचं मोठं भांडं चढवायला सांगितलं.

पण सूर्य मावळल्यावर, मगरिबच्या नमाजानंतर सामना सुरू झाला तेव्हा आलेली माणसं तीनच. बाकीच्यांना निरोप गेला होता, तरी चुलतभावाचा पडदा मोठा होता आणि ते आधीच तिकडे बसले होते. रिकाम्या गाद्यांवर तक्के मांडलेले होते, तिकडे हज्जी बघत नव्हते. मी अँटेनाचं काम केलं होतं, त्याच्या पुढचं काही माझ्या हातात नव्हतं, तरी मला अपराध्यासारखं वाटत होतं.

मग कुवेतने गोल केला. हज्जी खुर्चीत जवळजवळ उभे राहिले आणि ओरडले. आम्हीही ओरडलो. पलीकडचा तंबू शांतच होता. आमचं ओरडणं संपलं, कॉफीचे पेले खाली ठेवून झाले, आणि मग तिकडून आरडाओरडा ऐकू आला.

तिघांपैकी एकाने विचारलं, तिकडे झोपले होते की काय? मी चाचरत सांगितलं की इंटरनेटवरून येणारं चित्र बरंच मागे असतं, हवेतून येणारं आधी पोचतं. हज्जींनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलाजवळ गेला की ते ओरडायचे, गोल होवो न होवो.

मध्यंतरात अंधारातून माणसं येताना दिसली. पुढे चुलतभाऊ होता. दारातूनच तो हज्जींवर करवादला. अब्बांनी माझ्या कानात अर्थ सांगितला: तू आमचा सामना नासवलास, तिथे बसून आता बघायचं तरी काय?

हज्जींनी बाजूची गादी काठीने ठोकली. "मग इथे बस."

तंबू इतका भरला की अब्बांना आणि मला बसायला जागा उरली नाही. आम्ही दाराशी उभं राहून उरलेला सामना पाहिला. दुसऱ्या अर्ध्यात कुवेतवर दोन गोल झाले आणि कुवेत हरलं. टीव्ही कोणीतरी बंद केला. हज्जींनी गाव्हा पुन्हा फिरवायला सांगितलं, आणि कोणीही उठलं नाही.